प्रिंटर ‘ऑफलाइन’ का म्हणतो? एका टिचकीमागचा चारशे वर्षांचा इतिहास

मागच्या पावसाळ्याआधी विहिरींच्या पाण्याच्या सर्वेक्षणासाठी मी गावी, म्हणजे कामरगावला (ता. कारंजा, जि. वाशिम) होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फिल्डवर निघायचं होतं. साठ प्रश्नावल्या आणि साठ संमतीपत्रं छापायची राहिली होती. संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर दोन कॉम्प्युटरमध्ये वाय-फायवर चालणारा एकच प्रिंटर. दुकानदार वैतागलेला.

“भाऊ, प्रिंटर तं चालू हाये, लाइट जळून रायला. पन कॉम्प्युटर म्हन्ते ऑफलाइन हाये. दोनदा काढून टाकला, दोनदा पुन्हा टाकला.”

दुपारी तासभर वीज गेली होती, तेव्हापासून हे सुरू होतं. तासाभराच्या खटपटीनंतर कागद बाहेर आले. मी गठ्ठा पिशवीत घातला आणि घरी आलो. वरचं पान वाचून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चौदा घरं झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, “बाबू, हे काय लिवलं?” प्रश्न होता, ‘तुम्ही दुसऱ्या विहिरीचे पाणी वापरता का?’ आणि कागदावर ‘दुसऱ्या’ या शब्दात ‘ऱ्’च्या जागी रिकामी चौकट. संमतीपत्रातही तीन ठिकाणी तेच. स्क्रीनवर सगळं ठीक होतं!

त्या चौदा जणांनी जे नीट वाचता येत नव्हतं त्यावर सही केली होती. गाइडशी बोलून मी ते चौदा अर्ज बाद केले आणि त्या घरी पुन्हा गेलो. संमतीपत्र हे संशोधनातलं पहिलं वचन असतं, ते फाटक्या अक्षरात देऊन चालत नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी तुम्ही पीएचडीला बसण्याआधी एकदा तरी करावी असं मला वाटतं. मी प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी उघडली आणि तिथली एकेक टिचकी कधी, कुणी, का ठेवली असेल याचा माग काढला. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी बिघाडाचे ढीग करा

प्रिंटर चालत नाही, हे वाक्य संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. त्यात किमान तीन वेगळे बिघाड दडलेले असतात.

एक : अक्षरं स्क्रीनवरच बिघडलेली दिसतात. म्हणजे फॉन्टच नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. प्रिंटरचा इथे काही संबंध नाही.

दोन : स्क्रीनवर ठीक, कागदावर बिघडलेलं. म्हणजे फाइल आणि कागद यांच्या मधे, ड्रायव्हरच्या टप्प्यात, काहीतरी घडतंय.

तीन : कागदच येत नाही. म्हणजे रस्ता तुटलाय. पत्ता, पोर्ट, नेटवर्क यांपैकी काहीतरी.

माझ्या बाबतीत त्या एका संध्याकाळी तिसरा आणि दुसरा असे दोन बिघाड एकापाठोपाठ होते. पहिला सुटला म्हणून मी इतका खूश झालो, की पुढचा आहे का हे बघितलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लॅबमध्येही असंच होतं.

आता या दोन्ही बिघाडांचा इतिहास बघू.

सहाशे साचे

दुसऱ्या बिघाडाचं मूळ फार जुनं आहे. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या थॉमस स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात, इथल्या लिपीत पुस्तकं छापायची इच्छा कळवली आणि अडचणही सांगितली. युरोपीय लिपीला दोन डझन साचे पुरतात, इथली लिपी अक्षरागणिक आकार बदलते, त्यामुळे सहाशेच्या आसपास लागतील. काटछाट केली तर दोनशेवर आणता येतील, असंही त्याने सुचवलं. ते काही झालं नाही. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ रोमी लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, अक्षरं परकी. हे सगळं अ. का. प्रियोळकरांच्या भारतीय मुद्रणावरच्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात सविस्तर आहे. ग्रंथालयात मिळाला तर जरूर वाचा, कागदपत्रांवरून इतिहास कसा उभा करायचा याचा तो धडा आहे.

पुढे दोन वाटा फुटल्या. पहिली वाट साच्यांची. सेरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत. १८१० च्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. दुसरी वाट दगडाची. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस उभारला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढलं.

या दोन वाटांमधला फरक नीट समजून घ्या, कारण तो तुमच्या प्रिंटरमध्ये आजही आहे. खिळ्यांच्या छपाईत अक्षर छापखान्यात आधीपासून असतं. जुळाऱ्याने फक्त कुठला खिळा कुठे बसवायचा ते ठरवायचं. जो खिळा खणात नाही, ते अक्षर कागदावर येत नाही. शिळाप्रेसमध्ये पान आधी हाताने लिहितात आणि अख्खं पान चित्रासारखं दगडावर उतरवतात. दगडाला क काय आणि क्ष काय, दोन्ही नुसत्या रेघा. म्हणून कितीही अवघड जोडाक्षर असो, शिळाप्रेसवर ते अडत नाही. पण एक ओळ बदलायची तर पान पुन्हा लिहा.

पुढे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथल्या सुबक टाइपाचं नाव देशभर झालं, पण खण शेकड्यांनीच राहिले. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यावर डोकं चालवलं. स्टीफन्सचा प्रश्न तीन शतकं झाली तरी तसाच होता.

खिळे प्रिंटरच्या पोटात

आता कॉम्प्युटर. १९८० च्या दशकातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवा, बँकेत करकर वाजायचा तो. त्याच्या चिपमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकार कायमचे कोरलेले असत. कॉम्प्युटरने ‘६५’ हा आकडा पाठवला की तो ‘ए’ हे अक्षर उमटवायचा. म्हणजे खिळ्यांचीच छपाई, फक्त खण प्रिंटरच्या पोटात. आणि त्या खणांत देवनागरी नव्हती.

मग मराठी छापायची कशी? शिळाप्रेसच्या पद्धतीने. ओळ म्हणजे ठिपक्यांचं चित्र समजून पाठवायची. काम व्हायचं, पण इंग्रजीपेक्षा कितीतरी सावकाश. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं आणि तिथलं ‘जिस्ट’ कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवून सरकारी कचेऱ्यांत मराठी दिसू-छापू लागली.

त्याच काळात आणखी एक निर्णय झाला. १९८८ ची इस्की संकेतप्रणाली आणि तिचं १९९१ चं भारतीय मानक यांनी ठरवलं, की कॉम्प्युटरमध्ये आकार साठवायचे नाहीत, वर्ण साठवायचे. ‘क्ष’ला वेगळा आकडा नाही. क, हलन्त, ष एवढंच साठवा, आकार दाखवताना जुळवा. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडनेही देवनागरीसाठी इस्कीचाच पाया घेतला. स्टीफन्सच्या सहाशे साच्यांना मिळालेलं हे खरं उत्तर. साठवणीत शंभरभर वर्ण, जोडाक्षरं जुळवायचं काम यंत्राचं.

पण जुळवणार कोण? कॉम्प्युटर की प्रिंटर? इथे ड्रायव्हर येतो.

डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी शिकावी लागे. वर्ड प्रोसेसरचा ड्रायव्हर वेगळा, हिशेबाच्या प्रोग्रॅमचा वेगळा. विंडोजने हे दुभाष्याचं काम एका ठिकाणी आणलं. प्रोग्रॅमने विंडोजला सांगायचं, विंडोजने ड्रायव्हरमार्फत प्रिंटरला. प्रिंटरच्या भाषाही ठरून गेल्या. १९८४ च्या एचपी लेझरजेटबरोबर पीसीएल पसरली, १९८५ च्या ॲपल लेझररायटरबरोबर पोस्टस्क्रिप्ट. दोन्हींत प्रिंटरच्या पोटात ठरावीक रोमी फॉन्ट असत. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून ट्रूटाइप आले आणि ड्रायव्हरपुढे तीन पर्याय उभे राहिले :

– प्रिंटरच्या पोटातला मिळताजुळता फॉन्ट वापरणे,
– फॉन्टचा लागेल तेवढा भाग प्रिंटरकडे पाठवणे,
– अख्खा मजकूर चित्र करून पाठवणे.

हे तिन्ही पर्याय अनेक ड्रायव्हरमध्ये आजही ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत सापडतात. पहिले दोन खिळ्यांचे, तिसरा शिळाप्रेसचा! पहिल्या पर्यायात देवनागरी अडते. दुसऱ्यात ड्रायव्हर आकारांना स्वतःचे क्रमांक देतो. ते क्रमांक आणि आकार यांची जोडी कुठे चुकली, की चौकट किंवा भलतंच अक्षर येतं. तिसरा पर्याय सावकाश चालतो, पण जे स्क्रीनवर तेच कागदावर.

माझ्या चौदा अर्जांचं असंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच पीडीएफ, तोच प्रिंटर, फक्त छपाईच्या खिडकीत ‘प्रिंट ॲज इमेज’ची टिचकी लावली. ‘दुसऱ्या’ स्वच्छ आलं. एकच गोष्ट बदलली होती, म्हणून मला म्हणता येतं की फाइल निर्दोष होती आणि दोष मधल्या टप्प्यात होता. दोन गोष्टी बदलल्या असत्या तर हे म्हणता आलं नसतं.

जाता जाता, या ‘ऱ्’बद्दल एक गोष्ट. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. जुन्या फॉन्टच्या सवयीने कुणी ‘दुस-या’ असं मधे रेघ टाकूनही लिहितं. तुम्ही मराठी मजकुरात शब्द मोजणार असाल तर हे तिन्ही एकत्र केल्याशिवाय मोजू नका.

पत्ता बदलला, पाटी तीच

आता तिसऱ्या ढिगाकडे. कागदच का येत नव्हता?

युनिक्सच्या जगात नेटवर्कवरून छापायची रीत १९८० च्या दशकात रुळली. ती ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात लिहून काढली गेली. तिच्यात फाइल पाठवण्याआधी ती किती बाइटची आहे हे सांगायचं असतं. विंडोजच्या पोर्ट सेटिंगमध्ये ‘एलपीआर बाइट काउंटिंग’ नावाची टिचकी दिसते ना, ती या नियमाची खूण. विंडोज एरवी हा आकडा मोजत बसत नाही, पण काही प्रिंटर तो बरोबर असल्याशिवाय काम घेत नाहीत. त्यांच्यासाठी ही टिचकी. तिच्या वर ‘रॉ’ हा पर्याय असतो. त्यात असला काही शिष्टाचार नाही, पोर्ट ९१०० वर सरळ मजकूर ओतायचा. ही एचपीच्या जेटडायरेक्टची रीत. आज बहुतेक ऑफिस प्रिंटर तिने चालतात.

ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी आली. राउटरने प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता ठरावीक मुदतीसाठी द्यायचा, जणू भाड्याने. मार्च १९९५ च्या आरएफसी १७५९ मध्ये प्रिंटरला ‘कसा आहेस, कागद आहे का, अडकलाय का’ असे कुठले प्रश्न विचारता येतील ते ठरलं. हे प्रश्न एसएनएमपी या भाषेत विचारतात.

आता कामरगावच्या दुकानात या. वीज गेली, राउटर बंद पडला, पुन्हा चालू झाला. प्रिंटरला नवा पत्ता मिळाला. विंडोजच्या पोर्टवर मात्र जुन्याच पत्त्याची पाटी. विंडोज जुन्या घरी जाऊन एसएनएमपीने हाक मारतंय, उत्तर नाही, म्हणून म्हणतंय ‘ऑफलाइन’. प्रिंटर शेजारच्या खोलीत दिवा लावून बसलाय!

मी आधी काय केलं ते सांगतो, कारण ते चुकीचं होतं. ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिचकी काढा, असा उपाय मी ऐकला होता. काढली. ‘ऑफलाइन’ लगेच गेलं! दुकानदार खूश, मी खूश. पण कागद आला नाही. काम रांगेत तसंच. टिचकी काढल्यावर विंडोजने हालहवाल विचारणं बंद केलं, त्यामुळे वाईट बातमी यायची थांबली एवढंच. रस्ता होता तसाच तुटलेला.

या उपायाने काही ठिकाणी खरंच काम होतं. पत्ता बरोबर आहे पण प्रिंटर एसएनएमपीला उत्तर देत नाही, तिथे ही टिचकी काढणं योग्य. आमच्याकडे कारण वेगळं होतं. लक्षण एक, कारणं दोन. मग प्रिंटरच्या पॅनेलवरून त्याच्या नेटवर्कची माहिती छापून घेतली. प्रिंटरचा पत्ता ७ ने संपत होता, पोर्टवरचा ४ ने. पोर्ट बदलला, कागद आला. टिचकी परत लावली आणि राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला, म्हणजे पुन्हा वीज गेली तरी तोच मिळेल. दुकानदाराने दोनदा ड्रायव्हर काढून टाकला होता तेव्हा ड्रायव्हरची काहीच चूक नव्हती.

त्याच खिडकीत कागदाचं मापही दिसलं, ‘लेटर’, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. ए-फोर लांबीला थोडा जास्त असतो. ए-फोरचं मूळ जर्मनीच्या १९२२ च्या मानकात आहे, १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. अमेरिका त्यात आली नाही. विंडोज अमेरिकन इंग्रजीच्या सेटिंगवर असलं की ड्रायव्हर लेटर धरून चालतो, प्रिंटर तो कागद मागत दिवा मिचकावत थांबतो. थिसिसची मार्जिन चुकते ती बऱ्याचदा यामुळे.

अडकलेल्या कागदाचं राजकारण

हा सगळा तांत्रिक तपशील झाला. पण दुकानदाराला ही माहिती कुणी द्यायची होती? यावरून जगात एक मोठं भांडण झालंय, आणि तेही नेटवर्कवरच्या प्रिंटरवरून.

१९८० च्या सुमाराला एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर भेट दिला. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, कागद अडकला तरी कुणाला पत्ता नाही. तिथला प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन याने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः बदल केला होता. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने तो कुणाला न देण्याचा करार केलेला होता. स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअर आपल्याला का हवं हे सांगताना तो हा किस्सा नेहमी सांगतो. आपण ज्याला ‘झेरॉक्स’ म्हणतो त्या नावाचा असाही एक संबंध आहे.

१९९९ मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली मानकं आली आणि त्याच वर्षी मायकेल स्वीटची कप्स ही छपाईची प्रणालीही. ॲपलने २००२ मध्ये मॅकसाठी तीच घेतली. २०१० मध्ये एअरप्रिंट आलं. वेगळा ड्रायव्हर न टाकताच फोनवरून छापता येऊ लागलं. दुसरीकडे २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाई सेवेतली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर फट उघड झाली. ती बुजवताना आलेल्या अपडेटनंतर कित्येक ऑफिसांत सामायिक प्रिंटर जोडले जाईनात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला ठेवायचं जाहीर केलं. म्हणजे दुभाषा हळूहळू निवृत्त होतोय.

तुमच्यासाठी यात काय?

तुमचं यंत्र प्रिंटर नसेल, स्पेक्ट्रोमीटर असेल, पीसीआर असेल. त्याच्याही सॉफ्टवेअरमध्ये अशाच टिचक्या असतात आणि सीनियर सांगतो, ‘ती लावायचीच, का ते विचारू नको.’ विचारा. प्रत्येक टिचकी म्हणजे कधीतरी कुणालातरी पडलेल्या अडचणीचं उत्तर आहे. ती अडचण तुमची आहे का, एवढंच बघायचं.

माझ्या वहीत आता चार ओळी पहिल्याच पानावर आहेत. बदलण्याआधी जुनं मूल्य लिहून ठेवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इशारा बंद झाला म्हणून बिघाड गेला असं धरायचं नाही. आणि गठ्ठा पिशवीत घालण्याआधी पहिलं पान मोठ्याने वाचायचं, जमलं तर ज्याच्यासाठी छापलंय त्याच्याकडून वाचून घ्यायचं.

ते आजोबा शाळा चौथीपर्यंत शिकलेले. माझी प्रश्नावली तीन प्राध्यापकांनी तपासली होती, स्क्रीनवर. कागदावरची चूक आजोबांनी पकडली. नव्या कोऱ्या अर्जावर सही करताना त्यांनी ‘दुसऱ्या’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आता बरं लिवलं.”

या आठवड्यात तुमच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा. ‘पोर्ट्स’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ या दोन टॅबमधली एखादी न कळणारी टिचकी निवडा आणि ती कधी आली, कुठल्या अडचणीसाठी आली, हे शोधून वहीत एक पान लिहा. संशोधन कसं करतात हे शिकायला यापेक्षा स्वस्त सराव मला माहीत नाही. फक्त जुनं मूल्य लिहून ठेवा. दुसऱ्या कुणालातरी उद्या सकाळी प्रिंट काढायची असेल.